175-18 नं जिंकलो, पण खेळ कुठं पोचला?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात बातमी होती, 2036 चं ऑलिंपिक भारताला मिळालं तर त्यात खो-खो न्यायचाच म्हणून. आमच्या जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सहालाच त्या कात्रणाचा फोटो पडला, मग काय, तिरंगे, टाळ्या, 'गर्व आहे' आणि ते हात जोडलेले. मीही एक अंगठा टाकला आणि पोहे फोडणीला घातले. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. नवऱ्याला दोनदा बोलून दाखवलं तर तो म्हणे, मला काऊन सांगते, पेपरवाल्यांना लिही ना. म्हणून हे लिहून राहिले. लांबलं तर कापा, पण मधलं कापू नका, तेच महत्त्वाचं आहे.

माझी ओळख एवढीच की मी नागपूरच्या महालातली, शाळेपासून खो-खो खेळले, चिटणीस पार्कच्या धुळीत गुडघे फोडून घेतले, नंतर विद्यापीठाकडून इंटर-युनिव्हर्सिटीला गेले. पळती, म्हणजे हात लागू न देता पळत राहणं, माझी बरी होती, मारायला, म्हणजे पळणारीला हात लावून बाद करायला, मी तेवढी खास नव्हती. आता बँकेतून रिटायर आहे. थोडक्यात म्हणजे मी या खेळाच्या विरोधातली नाही, उलट घरात टीव्हीवर क्रिकेट लागलं की मी उठून आत जाते. हे आधीच सांगते कारण पुढचं वाचून कोणीतरी म्हणेलच की या बाईला आपल्या खेळाचं कौतुक नाही.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, 13 ते 19 तारखेपर्यंत, इंदिरा गांधी स्टेडियममध्ये. 23 देशांतून टीम आल्या, पुरुषांच्या 20 आणि बायकांच्या 19. दोन्ही कप आपल्याकडं, दोन्ही फायनलमध्ये समोर नेपाळ. मुलींनी 78-40 नं मारलं, मुलांनी 54-36 नं. दोन्ही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्या रात्री मी खरंच रडले, खोटं नाही सांगत. आमच्या वेळी नॅशनल खेळून आलेल्या मुलीला कोणी विचारायचं नाही, खो-खो म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधला खेळ असं लोक तोंडावर म्हणायचे, आणि इथं पोट्ट्या मॅटवर सूर मारून राहिल्या, स्लो मोशनमध्ये रिप्ले दाखवून राहिले, जाहिरातीत सलमान खान. सरकारनं बक्षिसं दिली, ते तर पाहिजेच होतं.

पण त्याच विश्वचषकात आपल्या मुलींची पहिली मॅच साऊथ कोरियाशी होती आणि ती आपण 175-18 नं जिंकली. परत वाचा, एकशे पंचाहत्तर अठरा. पुढे क्वार्टर फायनलला बांगलादेशला 109-16. मी कोरियाची मॅच घरी बघत होते, पहिली पाच मिनिटं मजा आली, मग हळूहळू मला त्या कोरियन मुलींचाच विचार यायला लागला. बिचाऱ्या पळायच्या कुठं तेच त्यांना समजत नव्हतं, पाटीतून (म्हणजे मैदानावर आखलेल्या पट्टीतून) आत जायचं की खांबाला वळसा घ्यायचा, तोवर आपल्या पोरीचा हात पाठीवर. नवरा म्हणाला, हे खेळायला बोलावलं का लुटायला? आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडं हेडिंग काय, तर धुव्वा उडवला. धुव्वा उडवला हे खरंच आहे, पण कोणाचा उडवला आणि त्यात खो-खोला काय मिळालं हे विचारणारं मला कोणी दिसलं नाही.

आणि गंमत बघा ना, समोर कोरियाच होता. आपला खेळ जगभर कसा न्यायचा हे ज्या देशाकडून शिकावं तोच देश. तायक्वांदो हा त्यांचा खेळ. सोलमध्ये 1972 ला त्यांनी कुक्कीवॉन उभारलं, म्हणजे तायक्वांदोचं मुख्यालयच म्हणा, आणि पुढच्या वर्षी, 1973 ला, जागतिक फेडरेशन काढलं. 1988 ला सोलच्या ऑलिंपिकमध्ये नुसतं प्रात्यक्षिक, 1992 ला बार्सिलोनात परत प्रात्यक्षिक, आणि पदकाचा खेळ झाला तो थेट 2000 ला सिडनीत. म्हणजे फेडरेशन काढल्यापासून 27 वर्षं. या 27 वर्षांत त्यांनी नुसते कोरियात बसून कप नाही वाटले, त्यांचे मास्तर जगभर गेले. कुठं जिममध्ये, कुठं शाळेच्या हॉलमध्ये, कुठं मिलिटरीत क्लास काढले, तिथंच राहिले, तिथल्याच पोरांना ब्लॅक बेल्ट करून त्यांनाच पुढे मास्तर केलं. आपल्या नागपुरात सुद्धा गल्लीगल्लीत पांढरे ड्रेस घालून पोरं संध्याकाळी जातात की नाही क्लासला? त्यांच्या आयांना विचारा हा खेळ कोणत्या देशाचा, अर्ध्या कराटे म्हणतील. पण पोरगं एक ते दहा कोरियन भाषेत मोजतं!

(त्या फेडरेशनचं इंग्रजी नाव आधी डब्ल्यूटीएफ असं लिहायचे, आणि आजकालची पोरं मोबाईलवर त्या तीन अक्षरांचा काय अर्थ काढतात ते मी इथं लिहू शकत नाही, शेवटी 2017 ला त्यांनी नावातलं फेडरेशनच काढून टाकलं. असो.)

आता या सगळ्याचं फळ काय मिळालं ते बघा. अफगाणिस्तानला आयुष्यातलं पहिलं ऑलिंपिक पदक 2008 ला बीजिंगमध्ये मिळालं, तायक्वांदोत. जॉर्डनचं पहिलं पदक, ते पण सोन्याचं, 2016 ला रिओत, तायक्वांदोत. इराणच्या बाईला मिळालेलं पहिलं ऑलिंपिक पदकही त्याच वर्षी, त्याच खेळात. आणि टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खुद्द कोरियाला तायक्वांदोत एकही गोल्ड मिळालं नाही. एकही नाही. तिकडं लोकांना वाईट वाटलंच असेल, आपल्याला नसतं का वाटलं? पण माझ्या मते त्या दिवशी तो खेळ खऱ्या अर्थानं जगाचा झाला, कारण ज्यानं शिकवला त्याला शिकणारे हरवून राहिले होते. आपलं उलटं आहे. आपल्याला खेळ जगाचा पण करायचाय आणि कप पण दरवेळी आपल्याच घरी पाहिजे. हे दोन्ही एकावेळी नाही होत, भाऊ.

2036 बद्दल पण हेच. यजमान देशाला आपले काही खेळ सुचवता येतात हे खरं आहे, टोकियोपासून ती सोय झाली. जपाननं तेव्हा कराटे आत आणलं. मग पॅरिसला कराटे कुठं होतं? नव्हतं. पुढच्या लॉस एंजेलिसला पण नाही. आणि कराटे काय छोटा खेळ आहे का, जगात कुठंही जा, कराटेचा क्लास आहे. तो जर एका ऑलिंपिकपुरता पाहुणा म्हणून येऊन परत गेला तर खो-खोचं काय होईल? ऑलिंपिकच्या जुन्या सनदेत असं होतं की पुरुषांचा खेळ निदान 75 देशांत आणि चार खंडांत, बायकांचा 40 देशांत आणि तीन खंडांत खेळला जात असला पाहिजे, तरच तो खेळ घ्यायचा. नियम बदलले असले तरी हिशोब समजायला बरा आहे. आपल्याकडं 23 देश आले. त्यातल्या काही टीममध्ये आडनावं आपलीच, म्हणजे शिकायला नोकरीला गेलेली आपलीच पोरं तिकडच्या देशाचा टीशर्ट घालून आलेली. त्यात वाईट काही नाही, सुरुवात तशीच होते, पण ते 23 आकड्यात मोजताना थोडी लाज ठेवावी एवढंच.

आणि ते 'राष्ट्रीय खेळ, राष्ट्रीय खेळ' पण जरा थांबवा. कबड्डीवाले म्हणतात आमचा, हॉकीवाले म्हणतात आमचा, आता ग्रुपवर खो-खोला राष्ट्रीय खेळ घोषित करा म्हणून सह्यांची मोहीम फिरतेय. 2012 ला लखनौच्या एका शाळकरी मुलीनं माहिती अधिकारात विचारलं होतं तेव्हा सरकारनंच सांगितलं की कुठलाच खेळ अधिकृत राष्ट्रीय खेळ नाही, हॉकी पण नाही. नेपाळचं बघा, त्यांचा राष्ट्रीय खेळ व्हॉलीबॉल, 2017 ला घोषित केला, आणि खो-खोच्या दोन्ही फायनलला तेच. शिक्का मारल्यानं काही होत नसतं.

कबड्डीचं उदाहरण तर आपल्या डोळ्यासमोर आहे. 1990 ला बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डी आली, तेव्हापासून 2014 पर्यंत पुरुषांची सातच्या सात गोल्ड आपली. मग 2018 ला जकार्ताला सेमीफायनलमध्ये इराणनं आपल्या पोरांना पाडलं, आणि मुलींना फायनलमध्ये 27-24 नं. त्या इराणच्या मुलींची कोच कोण होती माहीत आहे? शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या. मला आठवतं त्या दिवशी टीव्हीवर आपल्या मुली रडत होत्या आणि पलीकडं इराणच्या मुली एका मराठी बाईला उचलून घेत होत्या, आणि घरात कोणी टाळी वाजवायची की नाही हेच समजत नव्हतं. मी वाजवली. कारण त्या एका बाईनं कबड्डीसाठी जे केलं ते कप जिंकून झालं नसतं. कबड्डीत आता इराण आहे म्हणून तर एशियाडची फायनल बघायला मजा येते, नाहीतर झोपच यायची.

पण कबड्डीनं दुसरी एक गोष्ट पण शिकवली, घरातलीच, आणि ती वाईट आहे. 2025 याच एका वर्षात कबड्डीचे दोन विश्वचषक झाले. एक मार्चमध्ये इंग्लंडला, एका संघटनेचा, दुसरा नोव्हेंबरमध्ये ढाक्याला, फक्त मुलींचा, दुसऱ्या संघटनेचा. दोन्हीकडं मुलींत भारतच जिंकला. आता तिकडच्या एखाद्या देशानं नवीन कबड्डी सुरू करायची म्हटली तर त्यानं कोणाचं दार वाजवायचं? आणि हांगझोच्या एशियाडची ती फायनल आठवा, इराण आणि आपण 28-28 वर, मॅच संपत आलेली, एक रेड म्हणजे चढाई झाली, आणि लॉबीचा, म्हणजे मॅटच्या कडेच्या पट्ट्यांचा, नियम जुना की नवा यावर वाद. खेळाडू मॅटवर बसून राहिले, मॅच किती वेळ बंद, पंच आधी एक निर्णय देऊन राहिले मग दुसरा. शेवटी आपण 33-29 नं जिंकलो पण सगळ्या आशियासमोर काय दिसलं? की ज्यांचा खेळ आहे त्यांनाच नियम पक्का माहीत नाही. माझं सरळ मत आहे, जागतिक फेडरेशनचं पहिलं काम कप भरवणं नाही, नियमाचं एक पुस्तक ठेवणं आहे, एकच, आणि ते सगळ्यांना समजेल असं.

खो-खोचं पुस्तक जुनं आहे हो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं 1914 च्या आसपास नियम बांधायला घेतले, 1924 ला बडोद्याच्या जिमखान्यानं पुस्तक छापलं. त्यावरच आम्ही खेळलो. नऊ मिनिटांची पाळी, आठ जणी बसलेल्या, एक मारणारी, समोरून तीन-तीनची तुकडी. आता अल्टिमेट खो-खोची लीग आली 2022 पासून, त्यात गडी कमी, वेळ सात मिनिटं, एक वझीर असतो तो कुठल्याही दिशेला पळू शकतो, तीन मिनिटांच्या वर पळती टिकवली की ड्रीम रनचे पॉइंट. विश्वचषक पण साधारण याच वळणाचा. मला आधी राग आला होता, वझीर काय वझीर, बुद्धिबळ आहे का. आता एवढा नाही येत, टीव्हीवर चांगलं दिसतं आणि पोरं झेप काय घेतात, आमच्या वेळी मातीत एवढी झेप घेतली असती तर दवाखान्यातच गेलो असतो. पण शाळेत एक खेळ, नॅशनलला दुसरा, टीव्हीवर तिसरा, असं किती दिवस चालवणार? बाहेरच्या माणसाला यातला कोणता शिकवायचा?

हे मी हवेत बोलून नाही राहिले. माझी भाची जर्मनीत आहे, स्टुटगार्टला, गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत. विश्वचषक झाल्यावर तिला पण जोर आला, ऑफिसमधली दहा-बारा जण गोळा केली, चार आपले, बाकी तिकडचे, एक स्पेनची मुलगी, दोन तुर्की वंशाचे. दर शनिवारी पार्कात. खांब नव्हते म्हणून दोन झाडं धरली, पण झाडांमधलं अंतर चुकीचं, एका बाजूला उतार. मला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. मी म्हटलं आधी साधी साखळी शिकव, एकीला सोडून एकीला खो, दिशा बदलायची नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. त्यांना धावणं जमलं, ओरडणं तर फारच आवडलं, सगळा पार्क खो खो करून राहिला. जमलं काय नाही सांगू? बसणं. उकिडवं बसता येईना. आपल्याकडं पोरगं चालायला लागल्यापासून उकिडवं बसतं, अंगणात बसतं, नळावर बसतं, म्हणून आपल्या लक्षातच येत नाही की खो-खोचा अर्धा खेळ बसण्याचा आहे. तिकडची सहा फुटी माणसं दोन मिनिटं बसली की टाच उचलते, मग मागं पडतात. एक जण तर खरंच गडगडला उताराकडं. भाची म्हणाली मावशी यांचे गुडघे मोडतील. मग मी सांगितलं, आताच्या पोरांसारखं एक गुडघा टेकून, हात जमिनीला, शंभर मीटरची शर्यत सुटायच्या आधी बसतात तसं बसव. ते लगेच जमलं.

आता हे मी बँकेतली रिटायर बाई फोनवर सांगतेय. नवीन देशात खेळ नेताना पहिली अडचण ही येते, हे लिहिलेलं कुठं आहे का? भाचीनं दोन-तीन ठिकाणी मेल टाकले, नियम इंग्रजीत सोप्या भाषेत मिळतील का, मैदानाची आखणी कशी, नवशिक्यांसाठी काही व्हिडिओ आहेत का. एका ठिकाणाहून उत्तर आलं ते म्हणजे तुमची टीम पुढच्या स्पर्धेला पाठवा, एंट्री फॉर्म जोडला आहे. तिला हसावं की रडावं कळेना. बारा माणसं अजून नीट बसायला शिकतायत आणि यांना टीम पाहिजे! टीम पाहिजे कारण झेंड्यांचा आकडा राखायचा असतो. जर्मनीचा झेंडा पहिल्या विश्वचषकात होताच, परत आला की फोटोत बरा दिसेल, मग 175-18.

माझं म्हणणं एवढंच आहे की खो-खोच्या फेडरेशननं थोडे दिवस झेंडे मोजणं थांबवून माणसं पाठवावी. आपल्याकडं नॅशनल खेळलेले, एनआयएसचा, म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोर्स केलेले, अर्जुन पुरस्कार मिळालेले खेळाडू आहेत. खो-खोचा पहिला अर्जुन पुरस्कार सुधीर परबांना 1970 चा, पुढच्या वर्षी अचला देवरेंना, आणि अलीकडं सारिका काळे, नसरीन शेख. आणि शेकड्यानं असे आहेत ज्यांना काहीच मिळालं नाही, रेल्वेत बँकेत नोकरी करतायत नाहीतर तेही नाही. यातले दहा जण जरी एक-एक वर्ष एकेका देशात जाऊन राहिले, तिथल्या एका शाळेत शिकवलं, तिथलेच दोन पंच तयार केले आणि परत आले, तर एका कपाच्या उद्घाटनापेक्षा जास्त काम होईल. लाइट, ढोल, नाच यावर जेवढा खर्च होतो त्यातून हे जमणार नाही का? आणि पंच तिकडचेच करा. सगळे पंच आपले, सगळे कप आपल्या देशात असं राहिलं तर तिकडच्यांना वाटणारच की हा यांचा घरगुती कार्यक्रम आहे.

पुढचा कप दुसऱ्या देशात भरवा. नेपाळमध्ये भरवा, त्यांची गर्दी बघा. हरलो तर हरलो. 2030 चं कॉमनवेल्थ अहमदाबादला आहे, तिथं खो-खो आणायची खटपट जरूर करा, पण तोपर्यंत आफ्रिकेतल्या, इंग्लंडमधल्या टीमला आपल्याशी निदान तीस पॉइंटच्या आत खेळता येईल एवढं तरी शिकवून ठेवा. साऊथ आफ्रिकेची मुलं-मुली दोन्ही सेमीपर्यंत आली होती, म्हणजे होतं ना. कोणीतरी तिथं काम केलंच असेल. त्याचं नाव कुठल्या पेपरात आलं नाही, तुमच्याही नाही, रागावू नका.

आता नागपूरचं. आपण दीडशे किलोमीटरवरचं विसरून गेलो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी 1936 ला बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी जाऊन आपले खेळ दाखवून आली, हुतूतू, खो-खो, मल्लखांब. त्या काळी. बोटीनं. पैसा कोणाकडं होता? ना लीग ना स्पॉन्सर, आणि देश पण आपला नव्हता. ते कप आणायला नव्हते गेले, दाखवायला गेले होते. त्याच जर्मनीत आज माझी भाची दोन झाडांना खांब समजून खेळवतेय आणि तिला कोणी एक पीडीएफ पाठवत नाही, हे जरा मनाला लागतं.

नॅशनलला विदर्भाची टीम वेगळी उतरते हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं, क्रिकेटसारखीच. क्रिकेटमध्ये रणजी जिंकलो की जामठ्याच्या स्टेडियमपासून सीताबर्डीपर्यंत बॅनर. 2025 ला दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा महिलांचा वर्ल्ड कप आणला तेव्हा विमानतळावर केवढी गर्दी होती, छानच झालं ते, पोरीनं नाव काढलं. पण खो-खोची विदर्भाची मुलगी नॅशनल खेळून पहाटे रेल्वे स्टेशनला उतरते तेव्हा घ्यायला तिचे वडील असतात स्कूटर घेऊन, एवढंच. आमच्या भागातल्या एका मैदानावर सकाळी साडेपाचला पोट्टे पोट्ट्या येतात, उन्हाळ्यात तर सातनंतर उभं राहता येत नाही, आणि ते मैदान मागच्या वर्षीपासून लग्नाच्या गाड्यांना पार्किंगसाठी देऊन राहिले. मातीत काचा निघतात. स्पर्धा मॅटवर, बूट घालून, आणि सराव अनवाणी, काचा वेचून. मग मॅटवर गेल्यावर पाय घसरतो, वळताच येत नाही, आणि आपण म्हणतो विदर्भाच्या मुलींचा स्टॅमिना कमी. आणि अशा पोरींतूनच उद्या कोणी बाहेरदेशी जाऊन शिकवणार ना, शैलजाताई काही आकाशातून नाही पडल्या.

खूप लिहिलं. दोन विनंत्या करते आणि थांबते. एक तुम्हाला, खो-खोचा निकाल छापता तेव्हा कोणी किती मिनिटं पळती केली आणि किती गडी मारले ते पण छापत जा. नुसतं अमुक संघ विजयी यानं काय समजतं, त्या मुलीच्या घरी ते कात्रण फ्रेम करून लावतात हो. आणि दुसरी वाचकांना. कोणाकडं खो-खोचे नियम सोप्या इंग्रजीत, मैदानाच्या आकृतीसकट लिहिलेले असतील, जुन्या पी.टी.च्या सरांकडं असतात कधीकधी सायक्लोस्टाइल केलेले, तर तुमच्या ऑफिसात आणून द्या, मी येऊन झेरॉक्स काढून मूळ परत करीन. जर्मन भाषांतर भाची तिकडं करून घेते म्हणाली. त्यांना खांबांमधलं अंतर आधी पाहिजे, कारण पालिकेनं पार्कात दोन खड्डे करायची परवानगी दिलीये आणि पुढच्या महिन्यात ते खोदणार आहेत.

आपली,
एक जुनी पळतीवाली
महाल, नागपूर